सूर मोठे, खांदे कोवळे

एप्रिल २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा येथे मेन्युहिन आंतरराष्ट्रीय व्हायोलिन स्पर्धा झाली. कनिष्ठ गटाचे पहिले बक्षीस दोघांत विभागून देण्यात आले. सिंगापूरची क्लोई चुआ तेव्हा ११ वर्षांची होती आणि ऑस्ट्रेलियाचा ख्रिश्चन ली १० वर्षांचा. ज्या वयात आपल्याकडची मुले पाचवी-सहावीचे दप्तर सांभाळत असतात, त्या वयात या दोघांनी वाद्यवृंदाबरोबर विवाल्डीच्या रचना वाजवल्या. ते वादन जगभर लाखो लोकांनी पाहिले.

असे काही पाहिले की घरोघरी दोन गोष्टी होतात. एक म्हणजे कौतुक. दुसरी म्हणजे शेजारच्या खोलीत वाद्य शिकणाऱ्या मुलाकडे वळलेली नजर. ‘बघ, तुझ्याच वयाचा आहे!’ मग सराव अर्ध्या तासाचा दोन तास होतो, दोनाचा चार. काही आठवड्यांनी मूल मान चोळू लागते, मनगट झटकू लागते. त्यावर मोठ्यांचे उत्तर ठरलेले असते, ‘सवय नाही म्हणून दुखतंय. होईल सवय.’

हे उत्तर चुकीचे आहे. ते किती चुकीचे आहे, हे ज्याच्या नावाने ही स्पर्धा भरते त्या माणसाच्या आयुष्यातूनच कळते.

अकराव्या वर्षी कीर्ती, पस्तिशीत अडचण

यहुदी मेन्युहिन यांचा जन्म १९१६ मध्ये न्यूयॉर्कला झाला. सातव्या वर्षी त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत वाद्यवृंदाबरोबर वाजवले. १९२७ मध्ये, अकराव्या वर्षी, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बेथोव्हेनचा व्हायोलिन कन्चेर्टो वाजवून त्यांनी जाणकारांना थक्क केले. १९२९ मध्ये बर्लिनला त्यांनी बाख, बेथोव्हेन आणि ब्राम्स यांच्या रचना एकाच मैफलीत वाजवल्या, तेव्हा त्यांना तेरा वर्षे पूर्ण व्हायची होती.

लहानपणी सारे काही आपोआप जमत गेले. हात कसा चालतो, खांदा कुठे राहतो, श्वास कधी अडकतो याचा विचार करण्याची गरजच पडली नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्यांनी दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांसाठी पाचशेहून अधिक कार्यक्रम केले. ताण वाढत गेला आणि जे आपोआप जमत होते ते जमेनासे झाले. अंग आखडू लागले, गजाचा हात पूर्वीसारखा मोकळा चालेना, झोप आणि विश्रांती हरवली. तिशी ओलांडलेल्या जगप्रसिद्ध वादकाला आपले वादन पायापासून तपासावे लागले.

१९५२ मध्ये पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून मेन्युहिन भारतात आले. तेव्हा मुंबईत त्यांची गाठ पुण्याहून आलेल्या बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी पडली. मेन्युहिन इतके थकलेले होते, की त्यांनी भेटीसाठी जेमतेम काही मिनिटे दिली होती. अय्यंगारांनी त्यांना आधी फक्त आडवे व्हायला लावले आणि ते तासभर गाढ झोपले, अशी हकिगत सांगितली जाते. पुढे १९५४ मध्ये मेन्युहिन यांनी अय्यंगारांना स्वित्झर्लंडला बोलावून घेतले. अय्यंगारांच्या ‘लाइट ऑन योग’ या पुस्तकाला प्रस्तावनाही मेन्युहिन यांचीच. त्यांनी अय्यंगारांना एक घड्याळ भेट दिले. त्यामागे कोरलेल्या मजकुराचा आशय असा, की हे माझे सर्वांत चांगले व्हायोलिन-शिक्षक.

अय्यंगारांनी व्हायोलिन कधी शिकवले नव्हते. त्यांनी उभे राहणे, खांदे सोडणे, श्वास घेणे आणि स्वस्थ पडून राहणे शिकवले. वादकाला तेच हवे होते. वाद्य हाताने वाजते असे दिसते, पण प्रत्यक्षात ते सगळ्या शरीराने वाजते. मेन्युहिन यांना हे कळायला पस्तीस वर्षे लागली. दहा वर्षांच्या मुलाला ते पहिल्याच वर्षी कळले पाहिजे.

स्पर्धा कशी असते?

मेन्युहिन यांनी ही स्पर्धा १९८३ मध्ये इंग्लंडमधील फोकस्टन या गावी सुरू केली. पुढे ती दर दोन वर्षांनी वेगवेगळ्या शहरांत भरू लागली. कार्डिफ, ऑस्लो, बीजिंग, ऑस्टिन, लंडन, जिनिव्हा असा तिचा प्रवास झाला. २०२० ची स्पर्धा करोनामुळे पुढे ढकलली गेली आणि मे २०२१ मध्ये अमेरिकेतील रिचमंडहून ऑनलाइन झाली. त्या वर्षी वरिष्ठ गटात स्पेनची मारिया दुएन्यास पहिली आली. कनिष्ठ गट १६ वर्षांखालील मुलांचा आणि वरिष्ठ गट २२ वर्षांखालील तरुणांचा. यूलिया फिशर, रे चेन असे आजचे नामवंत वादक याच स्पर्धेतून पुढे आले.

या स्पर्धेची एक रीत लक्षात घेण्याजोगी आहे. पहिल्या फेरीत बाद झालेल्या मुलाने सामान उचलून घरी जावे, अशी अपेक्षा नसते. ते मूल शेवटपर्यंत थांबू शकते, परीक्षकांकडून शिकू शकते, त्यांचे वादन ऐकू शकते. मुलाच्या मनावरचे ओझे हलके करणारी ही साधी व्यवस्था आहे. हरलेल्या मुलाला ‘तू संपलास’ असे न सांगणे हाही आरोग्याचाच भाग आहे.

शरीराकडून काय मागितले जाते?

व्हायोलिनचे वजन अर्ध्या किलोच्या आत-बाहेर असते. गज साठ ग्रॅमच्या आसपास. आकडे किरकोळ वाटतात. अडचण वजनाची नसून ते धरण्याच्या पद्धतीची आहे.

पाश्चात्त्य पद्धतीने वाजवताना वाद्य डावी हनुवटी आणि डावा खांदा यांच्यामध्ये राहते. मान डावीकडे वळते व किंचित झुकते. डावा हात कोपरात वाकून तळवा पिळल्यासारखा आत वळतो आणि तशाच अवस्थेत बोटे तारांवर नाचतात. द्रुत जागी एका सेकंदात दहाच्या आसपास स्वर निघतात. उजवा हात मात्र खांद्यापासून अधांतरी राहून गज मागे-पुढे ओढत असतो. म्हणजे शरीराची एक बाजू स्थिर राहून दमते आणि दुसरी हलून दमते. स्थिर राहून दमणे अधिक वाईट. सतत आवळलेल्या स्नायूतून रक्त मोकळेपणाने वाहत नाही, तो लवकर थकतो आणि दुखतो. भरलेली पिशवी हातात धरून बसथांब्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला याचा अनुभव असतो.

याचे परिणाम ठरावीक जागी दिसतात. मान आणि दोन्ही खांद्यांचे वरचे स्नायू सर्वांत आधी तक्रार करतात. डावे कोपर फार वेळ वाकलेले राहिल्याने त्याच्या आतल्या बाजूने जाणारी नस दबते आणि करंगळी व तिच्या शेजारचे बोट बधिर होते. हनुवटी आवळून धरणाऱ्यांचा डावा जबडा दुखतो. डाव्या जबड्याखाली मानेवर काळपट, खरखरीत, कधी पुटकुळ्या आलेला डाग पडतो. घर्षण, दाब आणि घाम ही त्याची कारणे. काहींना वाद्यावरील निकेलच्या पट्टीची अॅलर्जीही असते. डावा कान वाद्यापासून वीतभरही लांब नसतो. जोरदार वादनात तिथला आवाज ८५ डेसिबलच्या वर सहज जातो. कारखान्यातील कामगारासाठी हीच पातळी आठ तासांची धोक्याची रेषा मानली जाते.

हे काही मोजक्या नाजूक लोकांचे दुखणे नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतील ४८ वाद्यवृंदांमधील २,२०० हून अधिक वादकांची पाहणी झाली. त्यांतील ७६ टक्के वादकांनी वादनावर गंभीर परिणाम करणारी किमान एक शारीरिक वा मानसिक तक्रार असल्याचे सांगितले. हे सगळे शिकून तयार झालेले, नोकरीतले वादक होते.

लहान वय : लाभ आणि जोखीम

मग लवकर सुरुवात करूच नये का? तसे नाही. लवकर शिकण्याचा फायदा मेंदूत दिसतो. १९९५ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी तंतुवाद्य वाजवणाऱ्यांचे मेंदू तपासले. डाव्या हाताच्या बोटांची संवेदना ओळखणारा मेंदूतला भाग वादकांमध्ये इतरांपेक्षा मोठा आढळला आणि ज्यांनी लहानपणी सुरुवात केली होती त्यांच्यात हा फरक अधिक होता. कोवळा मेंदू हाताच्या सूचना वेगाने गिरवतो, ही गोष्ट खरी.

पण मेंदू जितक्या वेगाने शिकतो, तितक्या वेगाने हाडे आणि स्नायू तयार होत नाहीत. दहा ते पंधरा या वयात मुलांची उंची झपाट्याने वाढते. हाडे लांबतात, स्नायू आणि त्यांच्या दोऱ्या मागून त्यांना गाठतात. मधल्या काळात अंग ताठ वाटते, हातांचा अंदाज चुकतो. सहा महिन्यांपूर्वी बरोबर बसणारे वाद्य आता बसत नाही. म्हणूनच व्हायोलिन सोळाव्या हिश्शापासून पूर्ण आकारापर्यंत अनेक मापांत मिळते. ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून मोठ्या मापाचा गणवेश घेण्याची आपली जुनी सवय. गणवेशात ती चालते, व्हायोलिनमध्ये नाही. मोठे वाद्य धरायला मूल खांदा उचलते, मनगट मोडते, आणि ती सवय मग वर्षानुवर्षे जात नाही.

काही मुलांची बोटे आणि मनगटे जात्याच फार लवचीक असतात. ही लवचिकता द्रुत वादनात उपयोगी पडते. मात्र ज्यांचे गुडघे आणि पाठ तशीच सैल असतात, त्यांना तासन्तास उभे राहणे किंवा बसणे जड जाते. म्हणून एकाला सोसलेला सराव दुसऱ्याला सोसेलच असे नाही.

खरा धोका : अचानक वाढलेला सराव

दुखापत बहुधा रोजच्या नेमाच्या सरावाने होत नाही. स्पर्धा, परीक्षा किंवा शिबिर जवळ आले की सराव एकदम दुप्पट-तिप्पट होतो. त्यातच नवी अवघड रचना, नवे वाद्य किंवा नवे गुरुजी यांची भर पडते. शरीराला भार वाढलेला चालतो, पण तो हळूहळू वाढला तर.

क्रिकेटने हे ओळखले आहे. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने लहान वेगवान गोलंदाजांनी एका दिवसात किती षटके टाकावीत याची वयानुसार मर्यादा घातली आहे, कारण कोवळ्या कण्याला होणाऱ्या इजा दिसून आल्या होत्या. व्हायोलिनच्या मुलांना अशी मर्यादा कोणी घालत नाही. तेथे पंच नसतो. घरातील मोठ्यांनी आणि गुरुजींनीच पंच व्हायचे असते.

दुखत असताना वाजवत राहिले की मूल नकळत दुसऱ्या स्नायूंवर भार टाकते, दुखणे पसरते आणि बरे व्हायला आठवड्यांऐवजी महिने लागतात. फार वर्षे अतिसराव करणाऱ्या शंभरांतील एखाद्या व्यावसायिक वादकाला याहून वेगळा विकार जडतो. बोट दुखत नाही, पण वाजवताना ते स्वतःहून आत वळते किंवा ताठ होते. इतर कामांत हात अगदी ठीक असतो. याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. बिघाड हातात नसून हाताला सूचना देणाऱ्या मेंदूत असतो. अशा वेळी अधिक सराव करणे म्हणजे आगीत तेल ओतणे.

दहा हजार तासांची गोष्ट

पालकांच्या तोंडी दहा हजार तासांचा आकडा नेहमी असतो. तो आला बर्लिनच्या व्हायोलिन विद्यार्थ्यांवरून. १९९३ मध्ये अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सर्वोत्तम गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा सराव सरासरी दहा हजार तासांच्या वर भरला होता. ती सरासरी होती, नियम नव्हे. २०१९ मध्ये अमेरिकेत तोच अभ्यास पुन्हा केला गेला, तेव्हा चांगले वादक आणि सर्वोत्तम वादक यांच्या सरावात तसा फरक दिसला नाही.

बर्लिनच्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. पुढे असलेले विद्यार्थी इतरांपेक्षा अधिक झोपत होते आणि दुपारी डुलकीही घेत होते. सलग बसण्याऐवजी ते सरावाचे तुकडे पाडत, मध्ये विश्रांती घेत. शिकलेली हालचाल मेंदूत पक्की होते ती बरीचशी झोपेत. पहाटे चारला उठवून मुलाला रियाजाला बसवणे आणि रात्री अकरापर्यंत शिकवणी ठेवणे, यातून तास वाढतात, वादन नाही.

धडधड आणि थरथर

रंगमंचावर जाताना छाती धडधडणे, तळहात घामेजणे हे आजाराचे लक्षण नाही. शरीरात अॅड्रिनलिन वाढल्याचा तो परिणाम. गायकाचा आवाज थोडा कापला तरी निभावते, पण व्हायोलिनवादकाच्या गजाला हाताची बारीकशी थरथरही लपवता येत नाही. ती थेट स्वरात उतरते.

यावर बीटा-ब्लॉकर गटातील गोळी घेण्याची पद्धत पाश्चात्त्य वादकांत रुळली आहे. १९७७ मध्ये लंडनमध्ये २४ तंतुवादकांवर तिचा प्रयोग झाला होता आणि थरथर कमी झाली होती. पण हीच गोळी दमा असलेल्या माणसाचा जीव धोक्यात घालू शकते, नाडी आणि रक्तदाब खाली आणू शकते. मुलांना ती कोणाच्या सांगण्यावरून, आजोबांच्या औषधाच्या डब्यातून, कधीही देऊ नये. संथ, लांब उच्छ्वास, नातेवाइकांसमोर वाजवण्याची रंगीत तालीम आणि पुरेशी झोप हे मुलांसाठी सुरक्षित उपाय. अमेरिकेत टँगलवूड येथील तरुण वादकांवर झालेल्या छोट्या अभ्यासांत योगासने व प्राणायाम यांनी मंचावरची भीती कमी झाल्याचे आढळले. मेन्युहिन यांच्या अनुभवाला मिळालेला तो माफक दुजोरा आहे. योग म्हणजे मोडलेल्या हातावर मंत्र नव्हे. दुखण्याचे निदान आधी, आसने नंतर.

आपली बैठक वेगळी

हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन वाजवणारे वादक जमिनीवर बसतात आणि वाद्याचे टोक उजव्या पावलाजवळ टेकवतात. पं. व्ही. जी. जोग यांच्यासारख्या वादकांनी याच बैठकीतून हे परदेशी वाद्य आपले केले. या बैठकीत मानेला वाद्य पेलावे लागत नाही, हा मोठा फायदा. पण भार कमरेवर, नितंबांच्या सांध्यांवर आणि गुडघ्यांवर येतो. तबला, सतार, हार्मोनियम शिकणाऱ्यांनाही हे लागू आहे. बसताना नितंबांखाली घडी घातलेली सतरंजी किंवा छोटी उशी घेतली तर कंबर सरळ राहते. दर काही वेळाने उठून चार पावले चालावे.

काय करावे?

- सराव सुरू करण्याआधी पाच मिनिटे खांदे, मान, मनगटे हलवून अंग मोकळे करावे. पहिली रचना संथ असावी.
- २५ ते ३० मिनिटांनंतर पाच मिनिटांची सुट्टी घ्यावी. त्या सुट्टीत वाद्य खाली ठेवावे, मोबाइलही हातात घेऊ नये. अंगठ्याला तेवढीच विश्रांती.
- स्पर्धेसाठी सराव वाढवायचा तर दोन महिने आधीपासून थोडा थोडा वाढवावा. शेवटच्या आठवड्यात तो कमी करावा.
- उंची वाढत असेल तर दर सहा महिन्यांनी वाद्याचे माप गुरुजींकडून तपासून घ्यावे. हनुवटीची पट्टी आणि खांद्याचा आधार मुलाच्या मानेच्या लांबीनुसार निवडावा.
- काही सराव वाद्याविना करावा. स्वरलिपी वाचणे, मनात वाजवणे, थोरांचे वादन ऐकणे हाही सरावच.
- लहान खोलीत जोरात वाजवताना म्यूट लावावा. वादनानंतर कानात शिट्टीसारखा आवाज येत असेल तर कान तपासावेत.
- शाळकरी मुलाला नऊ तासांच्या आसपास झोप आणि रोज मैदानावरचा खेळ हवाच.
- वेदनाशामक गोळी देऊन सरावाला किंवा मंचावर पाठवू नये.

बोटे बधिर होणे, पकड सैल पडणे, रात्री दुखण्याने जाग येणे, आठवडाभर विश्रांती घेऊनही दुखत राहणे किंवा बोट स्वतःहून वळणे यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांना दाखवावे. जाताना वाद्य बरोबर न्यावे. मूल ते कसे धरते हे पाहिल्याशिवाय निम्मे निदान होत नाही. सरकारी रुग्णालयांतील अस्थिरोग आणि भौतिकोपचार विभागांतही हा सल्ला मिळू शकतो. लवकर आलेल्या बहुतेक मुलांना शस्त्रक्रिया लागत नाही. काही दिवसांची विश्रांती, व्यायाम आणि धरण्याच्या पद्धतीतील बदल एवढ्याने भागते.

सर्वांत महत्त्वाचे औषध घरातच मिळते. ‘कसं वाजलं?’ या प्रश्नाआधी ‘कुठे दुखतंय का?’ हा प्रश्न विचारावा आणि ‘हो’ असे उत्तर आले तर त्या दिवशी वाद्य पेटीत ठेवावे. मुलाला खरे उत्तर देण्याची भीती वाटू नये, एवढी व्यवस्था मोठ्यांनी केली तरी पुरे.